सातवं कुटुंब

६ जानेवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. आईकडे सगळं ठीक आहे. तिचा गुडघा दुखतोच आहे आणि ती चालतेच आहे. फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'इकडे थंडी आहे' याच्या पुढे जात नाही, त्यात तुझा मुलगा मागून ओरडत असतो, म्हणून लिहायला बसले.

माझ्या कामाचं तू दर वेळी विचारतेस आणि मी 'चाललंय' म्हणून टाकते. आज नीट सांगते. माशांची खोली तळमजल्यावर आहे. तिला खिडकी नाही. सहाशे टाक्या, प्रत्येकीत बोटभर लांबीचे, अंगावर निळे पट्टे असलेले झेब्राफिश. सकाळी नऊला दिवे आपोआप लागतात आणि माशांना वाटतं, उजाडलं. आदल्या संध्याकाळी टाकीकाकांनी नर एका बाजूला, मादी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पारदर्शक पडदी असं करून ठेवलेलं असतं. दिवे लागले की पडदी काढायची. अर्ध्या तासात तळाशी अंडी. टाकीकाका म्हणजे ही खोली सांभाळणारे. तीस वर्षं तेच करताहेत, त्यामुळे त्यांना टाक्यांचे स्वभाव पाठ आहेत. "चारशे बारा आज रुसलीय, तिच्याकडे बघूसुद्धा नका," असं म्हणतात.

पिल्लू दुसऱ्या दिवशी काचेसारखं आरपार असतं. नखावर चारपाच मावतील एवढं. मायक्रोस्कोपखाली त्याचं हृदय उघडं दिसतं. माझं काम ठोके मोजण्याचं. पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचे. हृदय घडवणारी जनुकं त्यांची आणि आपली बरीचशी सारखी आहेत. एखाद्या घरात माणसं तरुणपणीच हृदयानं जातात, तपासणीत जनुकातलं एक अक्षर बदललेलं सापडतं, आणि हॉस्पिटलला प्रश्न पडतो की गुन्हेगार हेच अक्षर, की ते बिचारं नुसतं तिथे उभं होतं? माणसात करून बघता येत नाही. म्हणून तोच बदल माशात करायचा आणि बघायचं.

चार काचेच्या बशा असतात, क, ख, ग, घ. एकीतल्या पिल्लांत काहीच बदललेलं नसतं, एकीत घातक ठरलेला बदल, एकीत निरुपद्रवी ठरलेला आणि एकीत त्या घरातला. कुठली बशी कुठली हे मॅडमना आणि टाकीकाकांना माहीत असतं. मला नाही. माहीत असलं तर मला हवं तेच दिसेल. तुला आवडेल ही पद्धत. 'दिसलं ते लिही, वाटलं ते नको' असं म्हणून तूच माझ्या वहीवर काट मारायचीस. इथे सगळे मला फूटपट्टी म्हणतात, कारण मी मोजलेलं परत मोजते, आणि मग मोजायचं राहिलं की काय या काळजीनं तिसऱ्यांदा. मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख; त्या म्हणतात, "फूटपट्टीनं मोजलं ना? मग झालं."

सध्या सातव्या कुटुंबाचं काम चालू होतं. तीन फेऱ्या मोजल्या. तिन्हीत ख आणि ग बशांतली हृदयं संथ निघाली. शुक्रवारी मॅडमनी चिठ्ठी उघडली. ख म्हणजे घातक ठरलेला बदल, ग म्हणजे सातवं कुटुंब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता लेख लिहायचा आणि हॉस्पिटलला कळवायचं.

हां, एक विचारायचं राहिलं. मी चौदा वर्षांची असताना, तू हॉस्पिटलच्या रक्ततपासणीत नुकतीच लागली होतीस, तेव्हा एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तू आम्हा दोघींचं रक्त घेतलं होतंस, आईचं आणि माझं. स्वतःचंही. 'रक्तगट बघू' म्हणालीस. माझ्या दोन नळ्या भरल्या होत्यास, जांभळ्या बुचाच्या. रक्तगटाला बोट टोचून एक थेंब पुरतो ना? आता जनुकतपासणीच्या रक्ताची तशीच जांभळी बुचं माझ्याही हाताखालून जातात, म्हणून सहज आठवलं. सवडीनं कळव.

तुझी
छोटी


१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. 'रक्तगटच होता गं. बुचाचा रंग आठवतो म्हणजे तुझी कमाल आहे. सगळं मोजत बसू नकोस, वेड लागेल. आईला औषधाची आठवण करत जा.'

मी ते अकरा वेळा वाचलं. कुकरची शिट्टी कशी साफ करायची यावर तू मला तीन पानं लिहिली होतीस. चार ओळींत तू कधीच कुणाला काही सांगितलेलं नाहीस.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. तू खरं सांगतेस का बघायचं होतं. हा चोरटेपणा झाला, मला माहीत आहे, आणि दोन आठवडे त्याचंही ओझं वाटत होतं. आता सांगते.

त्या शुक्रवारी चिठ्ठी उघडल्यावर मॅडमनी सातव्या कुटुंबाची आकृती भिंतीवर लावली. नावं नसतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. माणूस गेलेलं असेल तर वरून तिरकी रेघ. आजारी असेल तर आतून काळं. आजार अजून दिसलेला नाही पण बदललेलं अक्षर अंगात आहे, असं असेल तर अर्धं काळं.

मधल्या ओळीत एकाच बिंदूतून दोन तिरक्या रेघा निघाल्या होत्या. म्हणजे जुळे. दोन्ही चौकोन काळे, दोन्हींवर रेघ. एकाखाली लिहिलं होतं: वय सव्वीस, सामान घेऊन जिना चढताना. दुसऱ्याखाली: वय एकेचाळीस, झोपेत.

ताई, सामान म्हणजे तुझा पाळणा होता. काका तुझा पाळणा घेऊन वर येत होते, ही गोष्ट बाबांनीच तुला सांगितली आणि तू मला.

दुसऱ्या चौकोनाच्या शेजारी एक रिकामं वर्तुळ. ती आई. दोघांच्या खाली दोन वर्तुळं. मोठी रिकामी. धाकटी अर्धी काळी, आणि शेजारी बारीक अक्षरात: नमुना घेतला तेव्हा वय चौदा.

टाळ्या वाजत होत्या. मीही वाजवल्या. मी एकटी थांबले असते तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. घरी येऊन हात धुतले तेव्हा तळवे लाल झालेले दिसले.

तेव्हापासून मी मागे मागे जातेय आणि प्रत्येक ठिकाणी तू उभी आहेस. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची. मग पाच वर्षं तुम्ही दोघींनी मला घरी शिकवलंत. सकाळी आई वाचन घ्यायची, दुपारी तू शाळेतून, पुढे कॉलेजातून आलीस की गणित. वर्तमानपत्राच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवायचीस. 'शाळेत तुझ्यासारखीला शिकवण्याजोगं काही उरलेलं नाही' असं तू म्हणाली होतीस. ताई, अठरा वर्षं मी त्या एका वाक्यावर जगलेय. नापास होईन असं वाटलं की ते वाक्य काढायचे आणि पुसून परत ठेवायचे.

आता वाटतं, घरात मैदान नव्हतं, एवढंच होतं. शर्यत लावायला कुणी नव्हतं. आपण तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आलो, त्याला तू 'आईचा गुडघा' म्हणायचीस. तेव्हा आईचा गुडघा दुखत नव्हता. माझी सायकल तीन वर्षं बिघडलेली होती. कुठली सायकल तीन वर्षं बिघडते?

तर मग माझी हुशारी म्हणजे मला पळू न देण्याची सोय होती का? एवढं खरं सांग.

आणि हे लेखी कळव: अहवाल कुणाच्या हातात आला? कधी? त्यात काय होतं?

छोटी


२५ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत काल आईकडे जाऊन आले. बसमध्ये तिला कसं सांगायचं याची तालीम केली. आईला यातलं काही माहीत नसणार, तिला धक्का बसेल, आधी पाणी द्यावं, मग खुर्चीत बसवावं, असं सगळं ठरवून गेले होते. तुझ्यावरचा राग तिच्यासमोर काढायचा नाही हेही.

ती मटार सोलत बसली होती. मी समोर बसून एक शेंग घेतली.

"आई, ताईनं एकदा आपलं रक्त घेतलं होतं ना?"

"हो."

"कशाला गं?"

तिनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे बघ. 'कशाला ते आठवत नाही' असं म्हणाली असती तरी मी परत आले असते.

"माशांनी सांगितलं," मी म्हटलं.

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही आई. तुला माहीत होतं?"

"आईला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

"मला! मला असायला हवं होतं!"

"तुला सांगून काय झालं असतं? दूध उतू जाईल म्हणून तू गॅससमोरून हलत नाहीस. परीक्षेला चार पेनं नेतेस, आणि ती चारही चालतात का बघण्यात रात्रीची झोप घालवतेस. तुला हे सांगितलं असतं तर तू जिना चढली असतीस? कॉलेजात गेली असतीस? श्वास तरी धड घेतला असतास?"

"म्हणून नाही सांगितलं?"

"म्हणून दहा वर्षं हसलीस."

"मी कधी हसले गं?"

ती खरंच विचार करायला लागली. "ताईच्या लग्नात," म्हणाली. "केवढी नाचलीस त्या दिवशी. माझा जीव नुसता टांगणीला. ताई मला म्हणाली, आई, तिला थांबव. मी नाही थांबवलं. म्हटलं, नाचू दे. मी कोपऱ्यात उभी राहून तुझ्या ओठांचा रंग बघत होते."

मी म्हटलं, "डॉक्टरकडे तरी न्यायचं होतंत."

"नेत होते की दरवर्षी. अशक्तपणा म्हणून."

मग आठवलं. छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवायचे ते. अशक्तपणा बघायला छाती कशाला, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारायची सवय होती, पण तुम्हा दोघींना विचारायची नव्हती.

"मग बंद का केलं?"

"ताई लांब गेली. तीच सगळं जमवायची. मग राहिलं."

"चार वर्षं?"

"राहिलं गं," आई म्हणाली, आणि मटार सोलायला लागली.

तिची बोटं हल्ली आखडतात, म्हणून उरलेल्या शेंगा मीच सोलून दिल्या. तिनं डबा भरून दिला तो मात्र आणला नाही. बसमध्ये बसल्यावर हे क्षुद्र वाटलं. पण परत गेले नाही.


३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र अजून नाही. मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि असं काही समजून घेणारं माणूस मला तुझ्याखेरीज कुणी मिळालेलं नाही. हे लिहितानाही चीड येते.

मी मोजणीची वही काढली. चूक सापडावी म्हणूनच काढली, हे आधी कबूल करते. आणि चूक सापडली.

प्रत्येक बशीत अंडी किती, ते मी समासात लिहून ठेवते. क अठ्ठेचाळीस. ख पन्नास. घ सत्तेचाळीस. ग चौऱ्याण्णव. दुसऱ्या फेरीत ग एक्याण्णव. तिसऱ्यात पुन्हा चौऱ्याण्णव. पन्नासच्या वर ठेवायची नाहीत असा नियम आहे, कारण दाटीत पिल्लं हळू वाढतात. मी मोजत होते घड्याळावरून, बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी. पण दाटीतल्या पिल्लाचे अठ्ठेचाळीस तास म्हणजे त्याच्या अंगानं कदाचित चाळीसच. लहान पिल्लाचं हृदय मुळातच संथ असतं. म्हणजे ग मधली पिल्लं आजारी होती की नुसती वयानं मागे, हे माझ्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. डोकं धडावर किती सरळ झालंय ते बघून खरं वय ठरवता येतं. मी ते बघितलं नाही. चौऱ्याण्णव हा आकडा मी माझ्या हातानं लिहिला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

टाकीकाकांकडे गेले. ते जाळीनं टाकी घासत होते.

"काका, ग मध्ये इतकी अंडी का ठेवलीत?"

"सातव्यांची होय? अगं, त्यांच्या जोड्या मोजून दोन. दोन महिने नुसती तोंडं फिरवून बसली होती. मी दिवे बदलले, पाणी बदललं, खाणं बदललं. मग कुठे घातली. ती टाकून देऊ? बाकीच्यांची जास्तीची बिनदिक्कत फेकतो, पण यांची टाकवेना."

"पण पन्नासचा नियम आहे ना?"

"नियम धडधाकटांना. ही नाजूक. चार जास्त जगली तर जगली." मग माझ्याकडे बघून त्यांनी जाळी खाली ठेवली. "का गं? जास्त सांभाळली म्हणून काही बिघडलं?"

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. "बघते," म्हणाले आणि वर आले.

आता माझी अडचण बघ. चूक खरी आहे. पण ती सापडली कुणाला? जिला ती सापडायला हवी होती, तिला. दुसऱ्या कुणी हेच दाखवलं असतं तर मी लगेच मानलं असतं. स्वतःवर माझा विश्वास बसत नाही. उद्या बोलले तर मी कोण हे सांगावं लागेल, आणि मग सगळे म्हणतील, पोरगी घाबरलीय, काहीतरी काढतेय. गप्प बसले तर खात्री नसलेली गोष्ट खात्रीची म्हणून छापली जाईल. ज्या ज्या घरात हे अक्षर बदललेलं सापडेल, त्या त्या घरात हॉस्पिटल माझे आकडे दाखवेल.

तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी जेव. जेवले. उद्या मॅडमकडे जाते.


९ फेब्रुवारी

ताई,

तुझी सात पानं चार तारखेला आली, मी मॅडमशी बोलून बाहेर पडले त्याच दिवशी. आधी मॅडमचं सांगते.

मी म्हटलं, "दोन गोष्टी सांगायच्यात. दुसरी ऐकल्यावर पहिली खोटी वाटेल, म्हणून पहिली आधी तपासून घ्या."

"फूटपट्टी, बस आधी. उभ्यानं बोललीस की मला शाळेत असल्यासारखं वाटतं."

मी वही उघडून समासावर बोट ठेवलं. त्यांनी तिन्ही पानं बघितली, चष्मा काढला, डोळे चोळले. "चौऱ्याण्णव. शी! आणि मी सही केलीय याच्यावर. बरोबर आहे तुझं. हे पाठवता येणार नाही." मग चष्मा लावून म्हणाल्या, "दुसरी?"

"ते अर्धं काळं वर्तुळ मी आहे."

आकृती अजून भिंतीवर होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. उठल्या, चारही टाचण्या काढल्या आणि कागदाची गुंडाळी केली.

"आमच्याकडे फक्त क्रमांक येतो," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."

"ते माहीत आहे मला."

"तू या कामासाठी अर्ज कसा केलास? जाहिरात कुठे बघितलीस?"

"बहिणीनं पाठवली होती," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मॅडमच्याही पडला असावा. त्यांनी मला पाणी दिलं.

मोजणी नव्यानं होणार. मी नाही करणार, ते संपेपर्यंत माशांच्या खोलीतही जायचं नाही. किल्ली देऊन टाकली. मोजणार आहे तो घाई. आमच्यात त्याला घाई म्हणतात, कारण तो जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळतो आणि वहीतल्या ओळीही. मी त्याच्याविरुद्ध दोनदा तक्रार केली होती. त्याला मी कोण हे सांगितलेलं नाही. काल कँटीनमध्ये मला म्हणाला, "तुझ्या चुका निस्तरतोय हां मी." मी म्हटलं, "सावकाश निस्तर."

आता तुझं पत्र.

तू लिहितेस, 'अहवालात अर्थ अनिश्चित एवढंच होतं. बदल तुझ्या एकटीत सापडला, आणि ताडून बघायला बाबा नव्हते, काका नव्हते. अनिश्चित म्हणून चौदा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं?'

अनिश्चित असंच सांगायचं. मी आठ वर्षांची असताना तूच मला उत्तराच्या जागी 'माहीत नाही' लिहायला लावलं होतंस आणि पैकीच्या पैकी गुण दिले होतेस. तू मला शिकवलेल्या सगळ्यात तेवढंच मला खात्रीनं येत होतं.

मग तू लिहितेस, 'नमुने त्या प्रयोगशाळेला मिळावेत म्हणून मीच धडपड केली. त्यांना आपल्या घराचं काम घ्यायला तीन वर्षं लागली. आणि तुला तिथे पाठवलं, कारण तुझ्यासारखं मोजणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तुझा जीव मला परक्याच्या मोजणीवर सोडायचा नव्हता.'

हे वाचून मी रडले. एवढं माझं कौतुक कुणी केलेलं नाही. तासाभरानं भांडी घासताना हात थांबले. म्हणजे माझीच हृदयं माझ्यासमोर मांडलीस आणि म्हणालीस, मोज. रोज फोनवर विचारत होतीस, 'काम कसं चाललंय', आणि मला वाटायचं, ताईला माझ्या कामात रस आहे. तू निकाल विचारत होतीस.

न बघता मोजणं वाईट नाही, ताई. कुठली बशी कुठली हे मला सांगू नका, असं मीच म्हणते. ती पट्टी मी माझ्या हातानं डोळ्यांवर बांधते आणि काम झालं की माझ्या हातानं सोडते. तू मागून येऊन बांधलीस आणि मला सांगितलंस की अंधार पडलाय.

शाळेच्या प्रश्नाला तू उत्तर दिलेलं नाहीस. सात पानांत सायकलबद्दल आहे, गुडघ्याबद्दल आहे, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी परत विचारणार नाही.


१४ मार्च

ताई,

मोजणी झाली. काल सकाळी मॅडमनी बोलावलं. टेबलावर बंद पाकीट होतं. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सांगू, की नको? नको म्हणालीस तरी चालेल. मग लेख छापून येईल तेव्हा तुला हवं तर वाच, नाहीतर वाचू नकोस. आत्ता ठरवलं पाहिजे असंही नाही."

मी इतका वेळ गप्प बसले की त्यांना वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच, पण गप्प होते ते वेगळ्याच कारणानं. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर कुठून काढायचं तेच कळेना.

"सांगा," मी म्हटलं.

घाईनं चांगलं काम केलंय. अगदी पन्नास पन्नास अंडी, वय डोक्याच्या ठेवणीवरून, पाच दिवस रोज, तीन फेऱ्या. वहीत एकही ओळ गाळलेली नाही. ठोक्यांतला फरक माझ्या मोजणीत होता त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. म्हणजे माझी चूक खरीच होती. पण पाचव्या दिवशी आपल्या बशीतल्या दर तीन पिल्लांत एकाच्या हृदयाभोवती पाणी धरलेलं होतं आणि हृदय पुरतं आवळत नव्हतं. निरुपद्रवी बदलाच्या बशीत असं पन्नासात एक. हे दाटीनं होत नाही. अक्षर घातक आहे. बाबा आणि काका त्यानंच गेले असं आता म्हणता येईल, आणि ते माझ्यात आहे.

हे तुला लिहिलं, कारण हे उत्तर तुझंही आहे. त्यासाठी तू रक्त दिलंस, धडपड केलीस. माझ्या चुकीच्या आकड्यांवरून हेच उत्तर आलं होतं, मग एवढा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. आई म्हणालीच. तिला मी म्हटलं, तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तिला फरक कळला नाही. तुला कळेल.

मॅडमनी एका हृदयतज्ज्ञांना फोन केला आणि आज मी जाऊन आले. एकटी. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टसमोर थोडा वेळ उभी राहिले, मग लिफ्टनंच गेले. आईचं खरं होतं, मी जिना चढले नाही. पण ते मी ठरवलं.

डॉक्टर कागद भरत होते. "कधीपासून माहीत आहे?"

"मला? दोन महिने."

"आणि घरच्यांना?"

"दहा वर्षं."

त्यांचं पेन थांबलं. "झोपा इथे," म्हणाले. तेच गार जेल, तेच यंत्र. या वेळी मी पडदा माझ्याकडे वळवायला सांगितला. ते म्हणाले, "तुम्हाला कळेल का?" मी म्हटलं, "मी रोज हेच बघते, फक्त लहान." मग त्यांनी पडदा वळवला आणि अर्धा तास मला सगळं दाखवलं, बोट ठेवून. आणखी दोन तपासण्या झाल्या. पुढे काय करायचं तेही सांगितलं. मी सगळं लिहून घेतलं.

ते काय म्हणाले ते या पत्रात नाही.

दुपारपासून तुझे नऊ फोन येऊन गेले. आईचे चार. आईला मी एवढंच सांगितलं की मी घरी पोचलेय आणि जेवलेय. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." फोन मी ठेवला नाही, तिनंच ठेवला.

'ही शिक्षा नाही' असं मी इथे आधी लिहिलं होतं. ते खोडलं. थोडी शिक्षा आहेच. पण उरलेलं काय आहे ते नीट सांगता येत नाही. माझ्याबद्दल एक गोष्ट आहे, ती आज पहिल्यांदा मला कळली आणि दुसऱ्या कुणाला कळलेली नाही. ती थोडे दिवस माझ्याजवळ असू दे. कधी सांगायची ते मी ठरवीन. कदाचित पुढच्या आठवड्यात, कदाचित तू समोर येऊन बसलीस तर. तोवर तुला झोप लागणार नाही हे मला माहीत आहे. मलाही बरं वाटत नाहीये.

दवाखान्यातून निघताना खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म दिला होता. अहवाल कुणाकुणाला द्यायचा, त्याच्या तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीवर मी माझं नाव लिहिलं. खालच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली.

"घरच्या कुणाचं तरी लिहा ना," त्या म्हणाल्या. "कुणी नाही का?"

"आहेत. आई आहे, बहीण आहे."

"मग?"

"असं चालतं का?"

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "चालतं तसं," म्हणाल्या. "पण सहसा कुणी करत नाही."

आणि त्यांनी शिक्का मारला.